दंतवैद्याची मान

दांत धड आहेत तोंवर त्यांचें स्मरण कोणास होत नाहीं. ते दुखूं लागले म्हणजे मात्र त्रैलोक्यांत दुसरा विषय उरत नाहीं. अशा वेळीं मनुष्य दंतवैद्याचें दार गांठतो, खुर्चीवर आडवा होतो, डोळे मिटतो आणि कुलदैवताचा धांवा करीत 'आ' करतो. त्यास त्या घटकेस स्वतःच्या दाढेपलीकडे कांहीं दिसत नाहीं, हें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या मस्तकाशीं दुसरा एक मनुष्य बसलेला असतो. त्याची मान पुढें वांकलेली, एक खांदा वर चढलेला, कंबर एका अंगास वळलेली, आणि दोन्ही हात दोन बोटें रुंदीच्या एका अंधाऱ्या गुहेंत गुंतलेले असतात. अर्धा-पाऊण तास तो जवळजवळ हालत नाहीं. ज्याचें आज दुखत आहे तो निजलेला असतो, व ज्याचें उद्यां दुखणार आहे तो त्याच्या उशाशीं बसलेला असतो. पहिल्याच्या दुखण्याविषयीं सर्वांस कळवळा असतो. दुसऱ्याच्या दुखण्याचें नांवही पुष्कळांच्या कानीं आलेलें नसतें.

आमच्याही कानीं तें आलें नसतें. परंतु आमच्या धाकट्या बंधूंची सून दंतवैद्य आहे, व आमचें कुटुंब एकत्र आहे. गेलीं नऊ वर्षें सकाळीं साडेदहा ते दीड व सायंकाळीं पांच ते साडेआठ असा तिचा दवाखाना चालतो. गतवर्षीं पावसाळ्यांत ती रात्रीं उठून हात झटकीत बसलेली घरांतील मंडळींस दिसूं लागली. उजव्या हाताच्या आंगठ्यास व त्याशेजारच्या दोन बोटांस मुंग्या येत. मान तर त्यापूर्वीं दोन वर्षें धरलेलीच होती. त्या निमित्तानें आम्हीं ह्या विषयावर वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें ह्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्यासारखें वाटलें. कारण आतां दोन-चार घरांआड एका घरांत दंतवैद्य मुलगी, सून किंवा जांवई असतोच.

धंद्यानें शरीर वांकतें, ही गोष्ट नवी नव्हे. जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळणारांस ठाऊक असेल कीं, पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस लेखकूनें आपली व्यथा नोंदलेली असते. पाठ, कंबर व मान मोडून गेलीं, तोंड खालीं घालून दृष्टि ताठली, अशा कष्टानें हा ग्रंथ लिहिला आहे. तरी तो यत्नानें सांभाळावा, असा त्याचा आशय असतो. त्या बिचाऱ्या लेखकूंनीं दुखऱ्या अवयवांचा जो क्रम लावला, तोच आज दंतवैद्यांच्या तक्रारींत सांपडतो. युरोपांत इटलीमधील बर्नार्डिनो रामात्झिनी नामक वैद्यानें इ. स. १७०० मध्यें निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या रोगांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रोग्यास जे प्रश्न वैद्यानें विचारावयाचे, त्यांत 'तुमचा धंदा कोणता?' हा एक प्रश्न घालावा, असा त्याचा आग्रह होता. हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे. परंतु अर्धें निदान त्यांतच असतें.

आपल्या देशांत दंतवैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण सुरू होऊन शंभर वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनीं इ. स. १९२० मध्यें कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें. दंतवैद्यांविषयींचा कायदा इ. स. १९४८ मध्यें झाला. लोहाराचे खांदे, शिंप्याची पाठ, गवंड्याचे गुडघे हीं आपल्या समाजास पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत. दंतवैद्याची मान ही त्या मानानें नवी वस्तु. तिची ओळख अजून आपल्या घरांस पटलेली नाहीं. पांढरा कोट, गार हवा, बसून काम. ह्यांत कष्ट ते कोणते, असेंच लोकांस वाटतें.

कष्ट किती, तें आंकड्यांवरून पाहावें. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांचा एक एकत्रित आढावा इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत दंतचिकित्सेच्या कामांतील माणसांपैकीं शेंकडा ६४ ते ९३ जणांस स्नायु किंवा सांधे ह्यांचें दुखणें असल्याचें आढळलें. दंतवैद्यांत पाठ व मान ह्यांच्या तक्रारी अधिक, आणि दांतांवरील किटण काढण्याचें काम सतत करणाऱ्या सहकाऱ्यांत हात व मनगट ह्यांच्या तक्रारी अधिक होत्या. पाहण्यांची रीत देशोदेशीं निराळी असल्यामुळें दोन टोंकांत अंतर बरेंच पडलें आहे. पण खालचें टोंक धरलें तरी तीन माणसांत दोन दुखणेकरी निघतात, ही कांहीं थोडी गोष्ट नव्हे.

असें कां व्हावें? मनुष्याचें डोकें सुमारें पांच किलोग्रॅम वजनाचें असतें. तें कण्यावर सरळ तोललेलें असेल तर मानेस त्याचा भार जाणवत नाहीं. तें पुढें झुकलें कीं तराजूची दांडी लांबल्यासारखें होतें. न्यूयॉर्क येथील कण्याच्या एका शल्यविशारदानें इ. स. २०१४ मध्यें गणित मांडून दाखविलें कीं, मान ३० अंश वांकली असतां मानेच्या कण्यावरील भार सुमारें १८ किलोग्रॅम व ६० अंश वांकली असतां सुमारें २७ किलोग्रॅम होतो. हातांत भ्रमणध्वनि घेऊन खालीं पाहत बसणाऱ्या मुलांस उद्देशून तें गणित होतें. परंतु ज्याच्या पोटाचा उद्योगच खालीं पाहण्याचा, त्यास तें अधिकच लागू पडतें. मूल हांक मारल्यावर मान वर करतें. दंतवैद्यास दाढेच्या मुळांतील केसासारखी नळी साफ करीत असतां मान वर करण्याची सोय नसते.

ह्यावर आमच्या घरांत एक वाद झाला, तो येथें सांगण्याजोगा आहे. आमचें कुटुंब म्हणालें, "माझ्या सासूबाईंनीं जन्मभर जातें ओढलें. पाट्यावर वाटण तर मींही वाटलें आहे. बसून सुई फिरविण्यानें मान मोडते, हें मला तरी पटत नाहीं." आक्षेप फोल नव्हता. सूनबाईनेंच त्याचें उत्तर दिलें. ती म्हणाली, "काकू, जातें ओढतांना हात पुढें जातो नि मागें येतो. माझा हात जाग्यावरून हालला तर पेशंटच्या गालाला जखम होते. मला न हालण्याचेच कष्ट आहेत."

ह्या एका वाक्यांत ह्या रोगाचें मूळ आलें. स्नायु आकुंचन पावतो व सैल पडतो, तेव्हां त्यांतून रक्ताचा प्रवाह खेळतो. तोच स्नायु अर्धा तास ताणलेला राहिला तर त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा उणा पडतो व दुखूं लागतें. मणक्यांमधील चकत्यांची गोष्टही अशीच. त्यांस स्वतःच्या रक्तवाहिन्या फारशा नसतात. शरीराच्या हालचालीनें जें पोषण आंत झिरपेल तेवढ्यावर त्यांचा निर्वाह. पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य व सुख हीं दोन्ही एकत्र घातलीं आहेत. दंतवैद्याच्या आसनांत स्थैर्य तेवढें आहे, सुख नाहीं. म्हणून तें आसन न होतां शिक्षा होऊन बसतें. अर्थात् आमच्या मातोश्रींस जात्याचे कष्ट झाले नाहींत, असा ह्याचा अर्थ नव्हे. त्यांचे खांदे दुखत असत, आणि त्यांस कोणी विचारीत नसे, एवढेंच खरें. तेव्हां विचारलें नाहीं म्हणून आतांही विचारूं नये, हा मात्र न्याय नव्हे. आमच्या कुटुंबानेंही पुढें तें मान्य केलें.

हाताचें दुखणें मानेहून निराळें आहे. सुश्रुतसंहितेंत शल्यकर्माचीं एकशें एक यंत्रें सांगितलीं आहेत व त्या सर्वांत हात हेंच प्रधान यंत्र होय, असें स्पष्ट म्हटलें आहे. कारण हातावांचून इतर यंत्रें चालावयाचीं नाहींत. हें यंत्र बिघडलें तर दुसरें विकत आणतां येत नाहीं. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांचा व एका चिवट पट्ट्याचा मिळून अरुंद बोगदा असतो. त्यांतून बोटें मिटणाऱ्या नऊ दोऱ्या व त्यांच्याबरोबर एक मज्जातंतु जातो. बारीक दांड्याचें हत्यार चिमटींत घट्ट धरून, मनगट वांकवून, वर्षानुवर्षें काम केलें म्हणजे त्या दोऱ्यांवरील आवरणें सुजतात व तंतु चेपला जातो. मग आंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू ह्यांस मुंग्या येतात, आणि त्याही बहुधा रात्रीं. आमच्या सूनबाईचें दुखणें हेंच निघालें. तिला वैद्यांनीं रात्रीं मनगटास पट्टी बांधावयास सांगितलें व काम निम्म्यावर आणावयास सांगितलें. खुर्चीच्या कर्जाचे हप्ते मात्र निम्म्यावर आले नाहींत.

एक शंका येथें कोणीही घेईल. इतकीं नवीं यंत्रें निघालीं, त्यांनीं हें दुखणें कमी कां केलें नाहीं? ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वीं दंतवैद्य उभा राहून काम करी व रोगी ताठ बसलेला असे. इ. स. १८७१ मध्यें अमेरिकेंत मॉरिसन ह्यानें पायानें चालविण्याचें दांत कोरण्याचें यंत्र काढलें; तेव्हां तर एका पायावर उभें राहून दुसऱ्यानें शिंप्यासारखी पायटी मारीत दाढ कोरावी लागे. इ. स. १९५७ मध्यें हवेच्या झोतानें मिनिटास तीन लक्षांच्या घरांत फेरे घेणारें यंत्र आलें. त्याच सुमारास, इ. स. १९५८ मध्यें, रोग्यास पूर्ण आडवें करणारी खुर्ची आली आणि दंतवैद्य बसला. पायांस विसांवा मिळाला. काम चौपट झपाट्यानें होऊं लागलें. परंतु तोंडाची गुहा पूर्वीं होती तेवढीच राहिली, व तींत डोकावण्यासाठीं मान वांकवणें चुकलें नाहीं. शिवाय उभा मनुष्य निदान पाय बदलतो. बसलेला मनुष्य बसूनच राहतो. यंत्रानें वेळ वांचविला, पण तो वेळ दंतवैद्यास न मिळतां पुढच्या रोग्यास मिळाला.

शरीराच्या ह्या ताणांत मनाचा ताण मिसळतो. दंतवैद्याकडे प्रसन्न चित्तानें जाणारा रोगी विरळा. जो येतो तो भीत भीत येतो. आणि भ्यालेल्या माणसाची भीति दिवसांतून पंधरा वेळां निवारावयाची, हेंही एक काम आहे, त्याचा आकार बिलांत लिहिलेला नसतो. सूनबाई म्हणते, "अण्णा, यंत्र आंत फिरत असतां पेशंटनें जीभ हलवली कीं माझा श्वास थांबतो. पण चेहरा हंसराच ठेवावा लागतो." सायंकाळीं एक जण वीस मिनिटें उशिरां आला कीं साखळींतील सर्वांचे वेळ चुकतात. बाहेर बसलेली मंडळी घड्याळ पाहूं लागतात, तीं घड्याळें आंत तिला पाठीस टोंचतात, आणि दोन रोग्यांमधील तीन मिनिटांचा विसांवा पहिल्यानें बळी जातो. मन ताणलें कीं खांदे आपोआप कानांकडे चढतात. खांदे चढले कीं मान दुखते. मान दुखली कीं झोंप लागत नाहीं. झोंप झाली नाहीं कीं दुसरे दिवशीं मन अधिक ताणतें. आधीं बीज कीं आधीं अंकुर, असाच हा न्याय आहे. म्हणून केवळ मानेस तेल चोळून हें दुखणें जात नाहीं, व केवळ 'काळजी करूं नकोस' असें म्हणूनही जात नाहीं.

दवाखान्यांत आणखी एक व्यक्ति असते, तिच्याकडे तर कोणाचेंच लक्ष जात नाहीं. ती म्हणजे सहाय्यिका. ती लाळ ओढणारी नळी धरते, दिवा वळवते, हत्यारें धुऊन निर्जंतुक करते. दंतवैद्यास दिसावें म्हणून स्वतः अंग चोरून, कंबर वळवून, हात लांबवून उभी राहते. दंतवैद्यास निदान आपलें दुखणें ओळखण्याची विद्या तरी असते. सहाय्यिकेस पगार थोडा, रजा थोडी, आणि तिचें दुखणें 'घरकामाचें असेल' म्हणून खपतें. सूनबाईच्या दवाखान्यांतील मुलगी चार वर्षें असाच उजवा खांदा दाबीत होती. तिच्यासाठीं उंच बैठक व पाय टेकावयास कडें आणल्यावर तिनें सांगितलें कीं, आतां सायंकाळीं घरीं भाकरी थापतां येतात.

आतां उपायांकडे वळूं. ते जाणत्यांनीं सांगितलेले व सूनबाईनें आचरणांत आणलेले आहेत. रोग्याचें तोंड आपल्या कोंपराच्या पातळीस येईल इतकी खुर्ची खालीं-वर करावी. दंड अंगालगत राहावेत. वरच्या दाढा पाहावयाच्या असतां रोग्यास पुरता आडवा करावा व हनुवटी वर घ्यावयास सांगावें. आपण वांकूं नये. रोग्याचें डोकें हें घड्याळ समजून नवापासून बारापर्यंत आपली बैठक फिरवावी, म्हणजे कंबर पिळावी लागत नाहीं. डावऱ्यानें बारापासून तिनापर्यंत फिरावें. जेथें सरळ दिसत नाहीं तेथें आरशांत पाहून काम करण्याची संवय विद्यार्थिदशेंतच लावून घ्यावी. सुश्रुतानें शिष्यांकडून फळांवर व मृत पशूंच्या दांतांवर जी 'योग्या' म्हणजे पूर्वाभ्यास करविला, त्यांतील मर्म हेंच. हाताच्या खोडी प्रथमच मोडल्या पाहिजेत. डोळ्यांस लावण्याचीं भिंगें योग्य कोनांत बसविलेलीं असावींत. चुकीच्या कोनाचीं भिंगें मान अधिकच वांकवतात. किटण काढण्याच्या हत्याराचा दांडा सुमारें १० मिलिमीटर जाड व वजन १५ ग्रॅमपर्यंत असल्यास चिमटीस कमी जोर लागतो, असें प्रयोगांवरून ठरलें आहे. अवघड काम व सोपें काम आळीपाळीनें ठेवावें. दोन रोग्यांमध्यें उठून खांदे मागें फिरवावे, बोटें ताणावीं, दूर पाहावें. पाठीचे व खांद्यांचे स्नायु बळकट करणारा व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस तरी करावा. आणि मुंग्या, बधिरपणा किंवा हातांतील वस्तु गळून पडणें हीं चिन्हें दिसतांच, घरगुती उपायांत दिवस न घालवितां वैद्य गांठावा.

हें सर्व दवाखान्यापुरतें झालें. परंतु दंतवैद्य साडेआठास घरीं येतो, आणि घर कसें आहे ह्यावर उरलेलें अर्धें दुखणें अवलंबून असतें. गतवर्षींची दिवाळी तोंडावर आली तेव्हां सूनबाई पट्टी सोडून चकलीचा सोऱ्या घेऊन बसली होती. चिमटींत धरून जोर लावणें हेंच ज्या मनगटास वर्ज्य, त्याला सोऱ्या दाबणें म्हणजे दिवसभराचें काम रात्रीं पुन्हा आरंभण्यासारखें होतें. आमच्या कुटुंबानें तिच्या हातांतून सोऱ्या काढून घेतला व पुतण्याच्या हातीं दिला. चकल्या वांकड्या झाल्या. खाणारांनीं तक्रार केली नाहीं. तेव्हांपासून कणीक मळणें, पुरण वाटणें, ओले कपडे पिळणें, नारळ खवणें हीं कामें पुरुषमंडळींनीं वांटून घेतलीं आहेत. सूनबाईकडे फोडणी, हिशेब व मुलांचा अभ्यास राहिला. एकत्र कुटुंबाचे दोष सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु एक हात दुखला असतां दुसरे दहा हात पुढें होणें, हें जर त्यांत घडत नसेल तर एकत्र राहण्यास दुसरें कारण तें कोणतें?

तिचें दुखणें पुरतें गेलें, असें आम्ही लिहीत नाहीं. थंडींत मुंग्या अजून येतात. रोगी आतां दिवसास पंधराऐवजीं नऊ घेते. त्यामुळें प्राप्ति उतरली, आणि कर्ज फिटण्यास दोन वर्षें अधिक लागतील. दवाखाना बंद करावा कीं काय, हा विचारही मध्यें झाला होता. तो तिनेंच मोडून काढला. "पांच वर्षें शिकलें, नऊ वर्षें केलें, आतां हाताला सांभाळून आणखी वीस वर्षें करीन," असें ती म्हणाली. घरानें तिचा हिशेब मान्य केला.

वाचकांपैकीं जे दंतवैद्याच्या खुर्चीवर जातील, त्यांच्याकडे आमचें एवढेंच मागणें आहे. दिलेल्या वेळेस जावें. हनुवटी वर करा म्हटलें कीं करावी. मान वळवा म्हटलें कीं वळवावी. कारण जी मान आपण वळवीत नाहीं ती दुसऱ्यास वांकवावी लागते. मध्यें दोन मिनिटें तो उठून खांदे फिरवूं लागला, तर वेळ दवडतो असें समजूं नये. आणि ज्यांच्या घरांत असें माणूस आहे त्यांनीं रात्रीं तें घरीं आलें म्हणजे, आज किती रोगी झाले हें विचारण्यापूर्वीं, मान कशी आहे तें विचारावें.